ताआपेचे माहेर

हवाई बेटांभोवतीच्या उथळ प्रवाळखडकांत तांबोशीच्या किंवा हेकरूच्या कुळातली, ताटात मानाने यावी अशी मासळी निसर्गतः फारशी नव्हती. ती उणीव भरून काढावी या निखळ लोकहिताच्या हेतूने तेथील मत्स्यखात्याने 1955 ते 1961 या काळात दक्षिणेकडील फ्रेंच पॉलिनेशियातून अनेक जातींचे जिवंत मासे आणवून समुद्रात सोडले. त्यांतल्या तीनच जाती रुजल्या, आणि त्यांतही जिने सर्वत्र आपला अंमल बसवला ती ताआपे : पिवळ्याधमक अंगावर चार निळ्या रेघा, पोट पांढुरके, दिवसा खडकालगत घोळक्याने तरंगणारी आणि रात्र पडताच वाळूतले खेकडे टिपीत पांगणारी.

दप्तरातील तिची नोंद चोख आहे. 1958 साली, हवाईला अद्याप राज्याचा दर्जा मिळावयाचा होता तेव्हा, मार्केसस बेटांतून 2431 नग आले. 1961 साली सोसायटी बेटांतून 728. परका जीव एरवी चोरपावलांनी येतो, जहाजाच्या तळपाण्यातून नाहीतर कोणाच्या काचपेटीतून, आणि त्याची मोजदाद कोणीच ठेवीत नाही. म्हणून हे दोन आकडे मला शिलालेखाइतके मोलाचे वाटतात.

1992 पर्यंत ताआपे, सोडल्या जागेपासून दोन हजार किलोमीटरवरच्या ठिकाणांसह, ती सारी द्वीपमाला व्यापून बसली. पुढे संशोधक मिशेल गेदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतील 385 माशांची आनुवंशिक तपासणी केली व 2010 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशीतील एक गुणद्रव्य केवळ आईकडूनच उतरते, म्हणजे त्यात प्रत्येक माशाचे माहेर लिहिलेले असते. आणि मार्केसस व सोसायटी या दोन माहेरांच्या लिखितात शंभर अक्षरांमागे जवळजवळ चारांचा फरक निघाला, ज्यावरून ती घराणी सुमारे पाच लाख वर्षे एकमेकांस पारखी होती असे ठरले. हवाईच्या प्रत्येक ठिकाणी दोन्ही वंश सापडले, तेही बहुतेक दप्तरातल्याच प्रमाणात. मार्केससच्या वंशाची विविधता 17 टक्क्यांनीच घटली होती, थोडक्या संख्येने आलेल्या सोसायटीच्या वंशाची मात्र 41 टक्क्यांनी. बेटामागून बेट ओलांडताना वंश झिजत जातो अशी जी अटकळ असते, तिचा तर मागमूसही लागला नाही; अंड्यांतून निघालेली पिले प्रवाहाबरोबर दूरदूर जातात, त्यांना दोन बेटांमधले अंतर अडवीत नाही.

आणि आई-बाप दोघांकडून येणाऱ्या गुणद्रव्याने सांगितले की, या दोन घराण्यांत आता मोकळा रोटीबेटी व्यवहार चालू आहे. पाच लाख वर्षांचा दुरावा अर्ध्या शतकात मिटला, याचे नवल वाटते तितकेच दुःखही वाटते, कारण मिसळलेले हे रक्त आता कोणासही वेगळे करता येणार नाही. हवाईतील ओआहू बेटावरच्या कोळ्याच्या गळाला लागलेली ताआपे आईकडून मार्केससची आणि बापाकडून सोसायटीची असू शकते. आणि ज्या बाजारासाठी हा सारा खटाटोप झाला, तेथे तिला येणारा भाव तेथील मूळच्या ओपाकापाका या माशाच्या भावाजवळही पोहोचत नाही.