आभासी चलनाच्या गुन्ह्यांचा तपास
बिटकॉइनसारख्या आभासी चलनातून झालेली फसवणूक, खंडणी वा काळ्या पैशाचा माग काढण्याची पोलीस-प्रक्रिया. बिटकॉइनच्या ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीवरील प्रत्येक व्यवहार कायमचा व सर्वांसमोर नोंदला जातो. दिसत नाही तो पत्त्यामागचा माणूस. तो बहुधा चलन रुपयांत बदलताना एक्स्चेंजच्या केवायसी नोंदींत सापडतो. मार्च २०२३ पासून भारतात या एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण ‘गेनबिटकॉइन’चे. दरमहा १० टक्के बिटकॉइन परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. पोलिसांची खरी नाचक्की पुढे झाली. तपासासाठी नेमलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. जप्तीतील चलन परस्पर वळवले आणि वॉलेटमधील शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉट बदलले, असा पोलिसांचा आरोप. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा संशय तपासाचे मर्म सांगतो: वॉलेट उघडणारे १२ किंवा २४ शब्द ज्याने पाहिले, त्याच्या हाती मुद्देमाल. म्हणून पंचांसमक्ष चलन तपासयंत्रणेच्या वॉलेटमध्ये ताबडतोब वळवावे लागते; नुसता मोबाइल सीलबंद करून भागत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गेनबिटकॉइनचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. अशा इतर फसवणुकीच्या तक्रारदाराला स्थानिक पोलीस ठाणे किंवा सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांक गाठता येतो. व्यवहार क्रमांक आणि वॉलेटचा पत्ता मात्र जपून ठेवावा.