चेहरा तिचा, आवाज दुसरीचा

माझे वडील गावच्या लग्नात हलगी वाजवीत. वरात त्यांच्या ठेक्यावर मारुतीच्या देवळापर्यंत नाचत जाई. पंगत बसली की ते मांडवाबाहेर थांबत. गावाला हलगी हवी होती, हलगीवाला नको होता. आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा शिकवताना हुआनिता हॉल या संगीत रंगभूमीवरील कलावंताचे चरित्र वाचले आणि तो मांडव पुन्हा डोळ्यांपुढे आला.

हुआनिताचा जन्म १९०१ सालचा, न्यू जर्सीतील कीपोर्टचा. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत ती शिकली. हॉल जॉन्सन यांच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायकवृंदात ती एकल गायिका व सहायक संचालिका होती. पुढे तिने स्वतःचाही वृंद उभा केला. १९४९ साली ब्रॉडवेवर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचे 'साउथ पॅसिफिक' आले, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची, पुरती कसलेली कलावंत होती. या नाटकातील ब्लडी मेरीच्या भूमिकेसाठी १९५० साली तिला टोनी पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत.

पण ही मेरी कृष्णवर्णीय नव्हे. ती टोंकिनची, म्हणजे उत्तर व्हिएतनामकडची बाई. १९५८ च्या 'फ्लॉवर ड्रम साँग'मध्ये हुआनिता चिनी झाली. मधल्या काळात, १९५४ साली, 'हाऊस ऑफ फ्लॉवर्स'मध्ये कॅरिबियन बेटावरची बाई तिच्या वाट्याला आली. ती कुंटणखान्याची मालकीण!

'साउथ पॅसिफिक' वर्णद्वेषाविरुद्ध बोलते. माणूस द्वेष घेऊन जन्मत नाही, तो त्याला शिकवला जातो, असे त्यातला गोरा लेफ्टनंट गातो. पण त्याच काळात राजधानी वॉशिंग्टनमधील नॅशनल थिएटरने काळ्या प्रेक्षकांना आत घेण्यापेक्षा १९४८ साली नाटकेच बंद करणे पत्करले. ते पुन्हा सर्वांसाठी उघडायला १९५२ साल उजाडले. समतेचे गाणे लिहिणे सोपे. मांडवाचे दार उघडणे अवघड.

१९५८ साली 'साउथ पॅसिफिक'चा चित्रपट निघाला. पडद्यावर मेरी हुआनिताच होती. गाणी मात्र म्युरिअल स्मिथच्या आवाजात होती. रंगभूमीवर ज्या गाण्यांनी तिला पुरस्कार मिळवून दिला, त्यांवर तिने नुसते ओठ हलवले. म्युरिअलही कृष्णवर्णीय, लंडनच्या रंगमंचावरची मेरी. म्हणून हा सरळ काळ्या-गोऱ्याचा हिशेब नाही. ज्याच्या हाती निर्मिती, तो कलावंताचे तुकडे करू शकतो, हे इथले सत्य आहे. चेहरा एकीचा घ्यायचा, गळा दुसरीचा. दोघींपैकी कुणालाही पुरी कलावंत म्हणून उभे राहू द्यायचे नाही.

हुआनिता १९६८ साली वारली. तिच्या आवाजातले मूळ नाटकाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते ऐकले की चित्रपटाने काय कापून टाकले ते कळते.

वडिलांच्या हलगीचे ध्वनिमुद्रण कुणी केले नाही. त्यांना पुरस्कारही मिळाला नाही. म्हणून पुरस्कारांची यादी वाचताना मी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला सांगतो: या माणसातले नेमके काय स्वीकारले गेले? आणि काय दाराबाहेर ठेवले गेले? आपला इतिहास बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतो.