'फ्रेंच कनेक्शन' कसे तुटले?

डिसेंबर १९७२ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या मुद्देमालाच्या कोठारात एक विचित्र प्रकार उघडकीस आला. जप्त करून ठेवलेल्या हेरॉईनच्या पिशव्यांत किडे वळवळत होते. हेरॉईनला कीड लागत नाही. तपासणी झाली तेव्हा कळले, की पिशव्यांत चक्क पीठ आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने खोट्या सह्या करून कोणीतरी खरा माल केव्हाच बाहेर नेला होता. एकूण चोरी सुमारे ४०० पौंडांची, म्हणजे १८० किलोच्या आसपास हेरॉईन आणि कोकेनची निघाली. त्यातला काही माल दहा वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या कारवाईतला होता. 'द फ्रेंच कनेक्शन' हा चित्रपट याच कारवाईवर बेतलेला आहे. १९७१ साली आलेल्या या चित्रपटाने पाच ऑस्कर मिळवले होते.

या चित्रपटामुळे अनेकांचा असा समज आहे, की न्यूयॉर्कच्या दोन जिगरबाज पोलिसांनी फ्रान्समधून येणारी हेरॉईनची वाट बंद केली. तसे झाले नाही. १९६२ च्या त्या कारवाईनंतर हा धंदा आणखी दहा वर्षे चालला आणि वाढलाही. तो मोडला १९७१ ते १९७३ या काळात, आणि त्याची कारणे न्यूयॉर्कच्या रस्त्यांपासून बरीच लांब होती.

मार्सेलिसच का?

सावरकरांनी १९१० साली बोटीतून समुद्रात उडी घेतली ते बंदर म्हणून मार्सेलिस मराठी वाचकाला ठाऊक आहे. भूमध्य समुद्रावरचे हे फ्रान्सचे सर्वांत मोठे बंदर. जवळच असलेल्या कोर्सिका बेटावरून आलेल्या टोळ्यांचे इथल्या गोदीवर, जुगाराच्या अड्ड्यांवर आणि वेश्याव्यवसायावर वर्चस्व होते. १९३० च्या दशकात पॉल कार्बोन आणि फ्रांस्वा स्पिरितो यांचा अंमल होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्वेरिनी बंधूंचा जमाना आला. युद्धकाळात जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीला मदत केल्यामुळे ग्वेरिनींना राजकीय वर्तुळात मान होता. पुढे कम्युनिस्टांच्या गोदी संघटनांशी लढायलाही अशी माणसे उपयोगी पडत. त्यामुळे त्यांच्या धंद्याकडे बराच काळ काणाडोळा झाला. एका टोळीचा बंदोबस्त केला की प्रश्न मिटेल, अशीही सोय नव्हती. इथे एकच एक 'डॉन' कधीच नव्हता. ओळखीपाळखीच्या आणि नातेवाइकांच्या लहान-लहान टोळ्या होत्या आणि गरजेप्रमाणे त्या एकमेकींशी भागीदारी करत.

साखळीची सुरुवात तुर्कस्तानात व्हायची. तिथे खसखशीची शेती कायदेशीर होती. शेतकऱ्याने आपली अफू सरकारी संस्थेला विकायची, असा नियम होता. पण ठरलेल्या हिश्शापेक्षा जास्त निघालेला चीक दलाल जास्त भावाने उचलत. (तुर्कस्तानातल्या एका प्रांताचे नावच 'अफ्योन' आहे. आपला 'अफू' हा शब्दही त्याच कुळातला.) साधारण दहा किलो अफूपासून एक किलो मॉर्फिन बेस निघतो. हे काम तुर्कस्तानात किंवा सीरिया-लेबनॉनमध्ये उरकले जाई. त्यामुळे पुढे न्यायचा माल दहापट हलका होई आणि तो ट्रकमधून किंवा बोटीने मार्सेलिसला पोहोचे.

शहराबाहेरच्या बंगल्यांमध्ये छोट्या प्रयोगशाळा थाटलेल्या असत. तिथे अ‍ॅसेटिक अनहायड्राइड या रसायनाच्या साहाय्याने मॉर्फिनचे हेरॉईन होई. या रसायनाला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, म्हणून एकांतातले घर लागे. काम सतत नसे. माल आला की काही दिवस रात्रंदिवस खपायचे आणि मग सगळे सामान आवरून ठेवायचे. या कामातला सर्वांत नावाजलेला 'केमिस्ट' म्हणजे जो सेझारी. त्याला औपचारिक शिक्षण फारसे नव्हते, पण त्याचे हेरॉईन ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असे. अमेरिकेतल्या माफिया खरेदीदारांना शुद्धतेची ही खात्री हवी असायची, कारण पुढे भेसळ करून ते त्याच मालाचे कितीतरी पट पैसे करत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत येणाऱ्या हेरॉईनपैकी ८० टक्के याच वाटेने येते, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

दोन मोठे छापे आणि एक मोठा गैरसमज

ऑक्टोबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॉरिसिओ रोसाल यांना पकडण्यात आले. ते ग्वाटेमालाचे बेल्जियम आणि नेदरलँड्समधील राजदूत. राजनैतिक पासपोर्टमुळे त्यांच्या सामानाची झडती होत नसे. ते पकडले गेले तेव्हा मोटारीत सुमारे ५० किलो हेरॉईन सापडले. जानेवारी १९६२ मध्ये फ्रेंच टीव्हीवरचा निवेदक जाक आंजेल्व्हॅं आपली ब्यूक गाडी बोटीवर चढवून न्यूयॉर्कला आला. गाडीच्या पत्र्याच्या आतल्या पोकळ जागांत माल दडवलेला होता. एडी इगन आणि सॉनी ग्रोसो हे दोन पोलीस पॅटसी फूका नावाच्या एका दुकानदाराच्या मागावर काही महिने होते. त्यातून हे प्रकरण उलगडले आणि सुमारे ५० किलो हेरॉईन जप्त झाले. आंजेल्व्हॅं तुरुंगात गेला. मात्र फ्रान्समधून व्यवहार सांभाळणारा झां जहान न्यूयॉर्क पोलिसांच्या हाती लागलाच नाही.

पन्नास किलो म्हणजे मोठा साठा खरा, पण या धंद्याच्या हिशेबात ती एका खेपेची खोट होती. शेते तशीच होती, केमिस्ट मोकळे होते, खरेदीदारही जागेवर होते. १९६४ मध्ये फ्रेंच पोलिसांनी सेझारीला मार्सेलिसजवळच्या ओबान्य इथल्या बंगल्यात पकडले. तेव्हाही त्याची जागा इतरांनी भरून काढली.

फ्रान्सला जाग कधी आली?

फ्रेंच सरकारच्या दृष्टीने हेरॉईन हा बराच काळ अमेरिकेचा प्रश्न होता. माल फ्रान्समध्ये बनत असला तरी फ्रान्समध्ये खपत नव्हता. अमली पदार्थविरोधी पथकात माणसे तुटपुंजी होती आणि कायद्यातली शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षांची होती. ऑगस्ट १९६९ मध्ये मार्सेलिसपासून जवळच असलेल्या बांदोल या गावी एका किशोरवयीन मुलीचा हेरॉईनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. देशभर खळबळ उडाली. आपलीही मुले या विळख्यात येत आहेत, हे लोकांना पहिल्यांदाच जाणवले. ३१ डिसेंबर १९७० च्या नव्या कायद्याने तस्करीची शिक्षा २० वर्षांपर्यंत वाढवली. फेब्रुवारी १९७१ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि एकमेकांचे अधिकारी एकमेकांच्या देशात काम करू लागले.

तरीही कुरबुरी संपल्या नाहीत. एप्रिल १९७१ मध्ये न्यू जर्सीच्या बंदरात एका फोक्सवॅगन गाडीत ४० किलोहून जास्त हेरॉईन सापडले. ती घ्यायला आलेल्या रोजे देलुएतने सांगितले, की हे काम आपल्याला फ्रेंच गुप्तचर खात्यातल्या अधिकाऱ्याने दिले. अमेरिकी न्यायालयाने त्या अधिकाऱ्यावर आरोप ठेवले, फ्रान्सने ते साफ फेटाळले आणि खटला कधीच उभा राहिला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे युरोपातील प्रमुख जॉन क्युसॅक यांनी मार्सेलिसच्या एका दैनिकाला मुलाखत दिली. धंद्याचे तीन-चार बडे सूत्रधार संरक्षण असल्यामुळे शहरात निर्धास्त राहतात, असे ते म्हणाले. फ्रेंच सरकार चिडले. पण या संतापाचा परिणाम उलटाच झाला. काहीतरी करून दाखवणे आता पॅरिसलाही भाग होते.

१९७२ : एकामागून एक कड्या निखळल्या

फेब्रुवारी १९७२ संपता संपता 'काप्रिस दे तां' ही कोळंबीची बोट फ्रेंच कस्टम्सने मार्सेलिसजवळच्या समुद्रात गाठली. कप्तान मार्सेल बुकां याने समुद्रात उडी मारून पळायचा प्रयत्न केला, पण तो पकडला गेला. बोटीची झडती घेतली तेव्हा तळातल्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून ४०० किलोहून अधिक हेरॉईन निघाले. म्हणजे १९६२ च्या त्या प्रसिद्ध जप्तीच्या आठपट. मार्चमध्ये सेझारी पुन्हा पकडला गेला. या वेळी वीस वर्षांची शिक्षा समोर दिसत होती. काही दिवसांतच त्याने तुरुंगात गळफास घेतला. त्या वर्षभरात आणखी प्रयोगशाळा सापडत गेल्या.

दक्षिण अमेरिकेतून जाणारी दुसरी वाटही याच काळात बंद झाली. तिचा म्होरक्या ऑग्युस्त रिकोर. युद्धात गेस्टापोसाठी काम केल्याबद्दल फ्रान्समध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड झाला होता. तो पॅराग्वेत उपाहारगृह चालवत होता. ऑक्टोबर १९७० मध्ये पॅराग्वेहून आलेल्या एका लहान विमानातला माल मायामीत पकडला गेला आणि धागा त्याच्यापर्यंत पोहोचला. पॅराग्वे त्याला सोपवायला तयार नव्हते. अमेरिकेने मदत तोडण्याचा इशारा दिल्यावर सप्टेंबर १९७२ मध्ये त्याची रवानगी न्यूयॉर्कला झाली. दोन महिन्यांनी ब्राझीलमध्ये सिसिलीचा माफिया तोमासो बुशेत्ता पकडला गेला. इटालियन माफियाची कुंडली न्यायालयात मांडणारा पुढचा प्रसिद्ध साक्षीदार तो हाच.

शेतांचे काय?

अमेरिकेचा खरा डोळा तुर्कस्तानच्या शेतांवर होता. मार्च १९७१ मध्ये लष्कराच्या दबावामुळे तिथले सरकार बदलले. नवे पंतप्रधान निहात एरिम यांनी ३० जून रोजी जाहीर केले, की १९७२ च्या हंगामानंतर खसखशीची लागवड पूर्ण बंद होईल. त्या बदल्यात अमेरिकेने सुमारे साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. अनातोलियातल्या शेतकऱ्याचा यात तोटाच होता. त्याच्यासाठी हे केवळ अफूचे पीक नव्हते. बियांचे तेल खाण्यात असे, पेंड गुरांना जाई, वाळलेली देठे सरपणाला लागत. व्यसन अमेरिकेतले आणि पीक बुडवायचे आमचे, ही तक्रार तिथल्या राजकारणात पेटली. १ जुलै १९७४ रोजी पंतप्रधान ब्युलेंत एजेव्हित यांनी बंदी उठवली.

मात्र जुनी पद्धत परत आली नाही. बोंडांना चिरे मारून चीक गोळा करण्यास मनाई झाली. अखंड बोंडे सरकार विकत घेऊ लागले आणि कारखान्यात त्यांच्यातून औषधी मॉर्फिन काढले जाऊ लागले. चीकच हाती येत नसल्याने तस्कराला घेण्यासारखे काही उरले नाही. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी आजही चिरे मारून अफू काढतात. २०२०-२१ पासून त्यांच्यापैकी काहींना चिरा न मारता बोंडे देण्याचे परवाने मिळू लागले आहेत.

माल बंद, मागणी कायम

१९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेरॉईनची टंचाई झाली. भाव चढले, शुद्धता घसरली. पण १९७५ पर्यंत मेक्सिकोतले तपकिरी हेरॉईन अमेरिकेच्या बाजारात सर्वांत जास्त विकले जात होते. युरोपात आग्नेय आशियातला माल ॲमस्टरडॅममार्गे येऊ लागला.

मार्सेलिसच्या केमिस्टांची विद्या मात्र वाया गेली नाही. सिसिलीच्या माफियाने त्यांना बोलावून घेतले. ऑगस्ट १९८० मध्ये पालेर्मोजवळच्या प्रयोगशाळांवर छापे पडले, तेव्हा आंद्रे बुस्के हा मार्सेलिसचा जुना केमिस्ट तिथे सापडला. मार्सेलिसमध्ये या उरल्यासुरल्या जाळ्यामागे न्यायाधीश पियेर मिशेल हात धुऊन लागले होते. २१ ऑक्टोबर १९८१ रोजी दुपारी ते मोटारसायकलवरून जेवायला घरी निघाले असताना दुसऱ्या मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते ३८ वर्षांचे होते. तपास चार वर्षे रखडला. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका घरात हेरॉईनची प्रयोगशाळा सापडली. तिथे पकडलेल्यांनी तोंड उघडले आणि मारेकऱ्यांची नावे बाहेर आली.