लिस्बनचं प्रजासत्ताक आणि एक मत



शाळेत आपण फ्रान्सची राज्यक्रांती शिकलो, रशियाची शिकलो. पोर्तुगाल मात्र आपल्याला वास्को द गामाबरोबर भेटला आणि त्यानंतर थेट १९६१ च्या गोवामुक्तीत. आपण सिंधुदुर्गातली मुलं. गोवा म्हणजे आपलं शेजारचं घर. त्या घरावर सत्ता गाजवणाऱ्या देशातही एकदा क्रांती होऊन राजा पळाला होता, हे मला फार उशिरा कळलं. स्मरणिकेसाठी ‘काहीही लिही, पण लिही’ असा निरोप आला, तेव्हा ठरवलं की इतिहासाच्या पुस्तकात राहून गेलेला हा धडा लिहायचा.

पोर्तुगालची राजसत्ता एका दिवसात कोसळली नाही. १८९० मध्ये ब्रिटिशांनी निर्वाणीचा इशारा दिला आणि पोर्तुगालला आफ्रिकेतल्या काही प्रदेशांवरचा दावा सोडावा लागला. राजाने मान तुकवली, ही बोच लोकांच्या मनात राहिली. कर्ज वाढत गेलं, मंत्रिमंडळं बदलत राहिली. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनमध्ये भर चौकात राजा कार्लूस आणि युवराज यांची गोळ्या घालून हत्या झाली. धाकटा मुलगा मॅन्युएल अठराव्या वर्षी गादीवर बसला.

ऑक्टोबर १९१० मधला उठाव तर जवळजवळ फसलाच होता. ३ तारखेला प्रजासत्ताकवाद्यांचे एक पुढारी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मिगेल बोंबार्दा, यांना त्यांच्याच एका रुग्णाने गोळी घातली. ४ तारखेच्या पहाटे उठावाचे सेनानी ॲडमिरल कांदिदु रैस यांनी सगळं संपलं असं समजून आत्महत्या केली. बरेच अधिकारी पांगले. माशादु सांतुस हा नौदलातला अधिकारी मात्र थोडे सैनिक आणि सामान्य नागरिक घेऊन रोतुंदा या चौकात ठाण मांडून राहिला. त्याच दिवशी उठावात सामील झालेल्या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि राजा लिस्बनबाहेर निघून गेला.

५ तारखेच्या सकाळी जर्मनीचा राजनैतिक प्रतिनिधी परदेशी नागरिकांना सुरक्षित बाहेर काढण्यासाठी थोडा वेळ मागायला पांढरं निशाण घेऊन निघाला. ते निशाण पाहून लोकांना वाटलं, राजाची फौज शरण आली! माणसं जल्लोष करत रस्त्यावर उतरली, सैनिकांना मिठ्या मारू लागली. अशा गर्दीवर गोळ्या कोण झाडणार? नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या सज्जातून जुझे रेल्वास यांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. विसाव्या वर्षी राज्य गमावलेला मॅन्युएल बोटीने जिब्राल्टरला गेला.

राजा गेला, आता राज्य उभं करायचं होतं. विद्वान लेखक तेओफिलु ब्रागा हंगामी सरकारचे प्रमुख झाले. कायदे भराभर निघाले. नोव्हेंबरमध्ये घटस्फोटाचा, डिसेंबरमध्ये नागरी विवाहाचा आणि एप्रिल १९११ मध्ये धर्म आणि राज्य वेगळे करणारा. झेंडा बदलला, ‘रेयाल’ जाऊन ‘एस्कुदो’ हे चलन आलं.

याच काळातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संविधान सभेच्या निवडणुकीसाठी कायदा झाला : एकवीस वर्षांवरील, लिहिता-वाचता येणारे किंवा कुटुंबप्रमुख असलेले पोर्तुगीज नागरिक मतदार. ‘पुरुष’ हा शब्द त्यात नव्हता. लिहिणाऱ्यांना तो घालायची गरजच वाटली नसावी.

डॉ. कारोलिना बियात्रिस अँजेलो यांनी हे बरोबर हेरलं. त्या शल्यचिकित्सक होत्या, विधवा होत्या, मुलीला एकटीने वाढवत होत्या. म्हणजे शिकलेल्याही आणि कुटुंबप्रमुखही. त्यांनी मतदार यादीत नाव घालायचा अर्ज केला. तो नाकारला गेला, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. ‘नागरिक’ हे पुल्लिंगी अनेकवचन असलं तरी त्यात स्त्रियाही येतात, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. आपल्या फळ्यावरची ‘सर्व विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे’ ही सूचना आठवा. ती वाचून आम्ही मुली कधी घरी थांबलो का?

२८ मे १९११ रोजी त्यांनी मत दिलं. पोर्तुगालमध्ये मतदान करणारी ती पहिली स्त्री. चारच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या वारल्या. १९१३ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने कायदा दुरुस्त केला आणि ‘पुरुष’ हा शब्द स्पष्ट लिहिला. नियमांमधल्या मोकळ्या जागा शोधणं हे माझं रोजचं काम आहे. अशी जागा सापडली की दोनच गोष्टी होऊ शकतात : दार उघडायचं किंवा फट बुजवायची. समतेच्या नावाने आलेल्या सरकारने फट बुजवली.

गोव्यातही या क्रांतीचे पडसाद उमटले. राज्याचा अधिकृत धर्म उरला नाही, तसा हिंदूंना बरोबरीने वावरायला अवकाश मिळाला. १९११ मध्ये मडगावला गोमंत विद्या निकेतन उभं राहिलं. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे मराठी पत्र काढलं. त्या वेळचे विवाह आणि घटस्फोटाचे कायदे तर गोवामुक्तीनंतरही तिथे चालू राहिले. पण वसाहत ती वसाहतच राहिली. गोव्याला स्वातंत्र्य द्यायचा विचार लिस्बनच्या प्रजासत्ताकाने केला नाही.

सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं आली आणि गेली. २८ मे १९२६ रोजी लष्कराने बंड केलं, पुढे सालाझारची हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यालाही पुन्हा खालच्या पायरीवर बसवलं. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात त्याला विरोध केला. पणजीतल्या त्यांच्या नावाच्या संस्थेवरून आपण कितीदा गेलो असू!

पोर्तुगालमध्ये स्त्रियांना कोणत्याही अटीशिवाय मताचा हक्क मिळायला १९७४ ची क्रांती व्हावी लागली. गोव्यात मात्र डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि सही न येणाऱ्या बायकांनीही मत दिलं. आपल्या राज्यघटनेने पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रौढाला मतदार मानलं होतं. नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांसाठी आपण हे वाक्य पाठ केलं होतं. त्याची किंमत मला पोर्तुगालचा इतिहास वाचून कळली.