रुळालगतचे स्वीडन

लोंढा जंक्शनहून सुटलेली गाडी खानापूर, बेळगाव, मिरज करत पुणे गाठते. तिथून मुंबईची वाट धरली की थोड्याच वेळात दापोडी येते आणि मागोमाग चिंचवड. सीमाभागातले कितीतरी तरुण नोकरीसाठी याच मार्गाने गेले. भारतातल्या स्वीडिश उद्योगांनीही बस्तान बसवले ते याच पट्ट्यात.

१९२३ साली स्वीडिश मॅच कंपनीने ‘विमको’ स्थापन करून अंबरनाथला काडेपेट्या बनवायला सुरुवात केली. ॲटलास कॉप्को आणि सँडविक १९६० मध्ये दापोडीला आल्या. एसकेएफची बेअरिंग कंपनी १९६१ ची, एसीसी या सिमेंट कंपनीच्या भागीदारीतली.

अशा विदेशी कंपन्यांचे शेअर इथल्या गुंतवणूकदारांना स्वस्त पडले ते कायद्यामुळे. १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक विदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावले. नव्या शेअरचा भाव बाजार ठरवत नसे. सरकारचा भांडवल निर्गम नियंत्रक मालमत्ता आणि मागील नफा पाहून तो ठरवी आणि तो बहुधा खऱ्या मोलापेक्षा बराच खाली असे. १९९२ मध्ये हे पद संपले.

पुढची संधी अधिक अवघड होती. नंतर या कंपन्यांचे बरेचसे शेअर पुन्हा परदेशी प्रवर्तकांकडेच असत, त्यामुळे खरेदी-विक्री तुरळक आणि मोठे गुंतवणूकदार लांब. पण ताळेबंद उघडून बसणाऱ्याला नियमित लाभांश दिसे, जुनी गिऱ्हाइके दिसत.

२०१० मध्ये सरकारने किमान २५ टक्के शेअर जनतेकडे असण्याची अट घातली आणि तीन वर्षांची मुदत दिली. ॲटलास कॉप्को आणि अल्फा लावल या स्वीडिश कंपन्यांच्या प्रवर्तकांनी हिस्सा विकण्याऐवजी उरलेले शेअर विकत घेतले. या खरेदीचा भाव भागधारकांच्या बोलींतून ठरला. तो किमान भावाच्या बराच वर गेला आणि वर्षानुवर्षे शेअर धरून बसलेल्यांना धीराचे मोल मिळाले. २०११ आणि २०१२ मध्ये दोन्ही कंपन्या बाजारातून बाहेर पडल्या.

एसकेएफ मात्र मुंबईच्या बाजारात राहिली. ॲटलास कॉप्को, सँडविक किंवा अल्फा लावलमध्ये भाग हवा असेल, तर बेळगावच्या गुंतवणूकदाराला आता रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणूक मर्यादेत राहून थेट स्टॉकहोमच्या बाजारात मूळ कंपनीचाच शेअर घ्यावा लागतो.