समुद्र न पाहिलेल्यांचा शार्क

नांदेडहून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही येथील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकलेल्या पिढ्यांना बेडकाखालोखाल कोणत्या प्राण्याच्या अंतरंगाशी त्यांचा निकटचा परिचय झाला असे विचारले, तर बहुतेक जण ज्याला कोकणात मुशी म्हणतात त्या लहान शार्कचे, म्हणजे स्कॉलिओडॉनचे, नाव सांगतील. गोदाकाठच्या मुलाची समुद्राशी पहिली भेट फॉर्मॅलिनच्या उग्र दर्पातून व्हावी, ही विसंगती वाटते तितकी आकस्मिक नाही.

निजामी अमदानीत या मुलखातील उच्च शिक्षणाची सारी सूत्रे हैदराबादेस एकवटलेली होती. १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचेही अध्यापन उर्दूतून होई आणि त्यासाठी ग्रंथ सिद्ध करणारे स्वतंत्र भाषांतर-खाते दरबाराने उभारले होते. औरंगाबादेस इंटरमीजिएटपर्यंतची सोय होती खरी, परंतु त्यापुढे शिकू इच्छिणाऱ्या नांदेडच्या विद्यार्थ्यास मीटर गेजच्या गाडीने राजधानी गाठण्यावाचून गत्यंतर नसे. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, आणि साठच्या दशकात नांदेडचे यशवंत महाविद्यालय व सायन्स कॉलेज, लातूरचे दयानंद अशा संस्थांतून विज्ञानाच्या शाखा बहरल्या. इमारत, अनुदान, मंजुरी यांची खटपट या संस्थांना नव्याने करावी लागली. अभ्यासक्रम मात्र आयता मिळाला. प्रत्येक वर्गाचा एकेक प्रतिनिधी-प्राणी चिरून पाहण्याची ती विलायती परंपरा होती. लखनौच्या कर्मनारायण बहल यांनी १९२६ मध्ये गांडुळावर प्रबंध लिहून भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमालेचा प्रारंभ केला, आणि त्या मालेमुळे विलायती प्राण्यांच्या जागी देशी प्राणी आले. परंतु लखनौस काय अन् लातूरास काय, शार्क तोच राहिला.

या प्रयोगशाळेची थट्टा करणे सोपे आहे. तिने हाताला दिलेली शिस्त मात्र थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. मेणाच्या ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा ठेवून, टाचण्या तिरप्या रोवून, कात्रीचे टोक वरच्या बाजूस उचलून त्वचा मधोमध कापायची. तिच्याखालच्या स्नायुपटलामागून जाणारी उदरशीर दोन ठिकाणी दोऱ्याने बांधून मगच मधे छेद द्यायचा, नाहीतर सारा ट्रे रक्ताने भरून पुढचे काहीच दिसत नसे. तीन कप्प्यांचे ते हृदय अजून धडधडत असताना विद्यार्थी जे शिके ते पुस्तकात आकृतीखाली लिहिलेले नव्हते. स्कॉलिओडॉनच्या मस्तकातील पाचवी, सातवी, नववी आणि दहावी चेता कूर्चेतून अखंड मोकळी करण्यास घटकाच्या घटका जात, डोळ्यांतून पाणी वाहे, आणि बाहेरून आलेले परीक्षक चिमट्याने ती चेता उचलून ती तुटलेली आहे की काय तेवढे पाहून पुढे सरकत.

याच काळात या दुष्काळी प्रदेशातील बारवांच्या पायऱ्यांवर जे घडत होते त्याकडे प्रयोगशाळेची पाठ होती, असे मला वाटते. महाराष्ट्र हे तेव्हा देशातील नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. नारूची मादी माणसाच्या पायावर फोड आणते. तो पाय पाण्यात बुडाला की असंख्य अळ्या बाहेर पडतात. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा जलजीव गिळतो. तेच पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या पायातून सुमारे वर्षभराने हातभराहून लांब असा कृमी डोके काढतो, आणि तो तुटू न देता काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढावा लागतो. हे जीवनचक्र परीक्षेत आकृतीसह विचारण्याजोगे होते. पण बारवेतील घागरभर पाणी फडक्यातून गाळून, फडक्यावर राहिलेले सूक्ष्मदर्शकाखाली घेतले असते, तर एकाच डोळ्याचा आणि दोन्ही अंगांना अंड्यांच्या पिशव्या वागविणारा तो जीव कोणत्याही विद्यार्थ्यास जिवंत पाहता आला असता. १९८३-८४ पासून राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाने नेमका हाच गाळण्याचा उपाय गावोगाव नेला, जोडीला पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर केले, आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला.

क्षेत्रकार्य अभ्यासक्रमात नव्हतेच असे नाही. वर्षातून एकदा शैक्षणिक सहल निघे. मुंबईस १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून मुले कोकणकिनारी जात आणि काचेच्या बाटलीत खेकडे घेऊन परतत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून नांदेडात आलेले किनवटचे सागवानी रान जिल्ह्याच्याच हद्दीत होते, पण सहलीच्या यादीत समुद्राचा मान त्याहून मोठा.

पुढे बेडकास वन्यजीव कायद्याचे संरक्षण लाभले, १९८७ मध्ये त्याच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे व २०१४ मध्ये ते पूर्णपणे थांबविण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा वर्गाबाहेर पडण्यावाचून इलाज उरला नाही. आता विद्यार्थी विष्णुपुरीच्या जलाशयावर आणि मासळीबाजारात जातात; तेथे मरळ कोणती, वाम कोणती, कोणता मासा पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर प्रवाहाविरुद्ध चढतो, हे त्यांना जाळे सोडविता सोडविता एखादा भोई सांगतो. अहवालात त्याचे नाव नोंदविण्याचा प्रघात मात्र अद्याप पडलेला नाही.