गिटारीवरचं कातडं आणि हलगीवरचं कातडं

मित्रांनो, 'विषय कसा निवडायचा?' हा प्रश्न तुम्ही वारंवार विचारता. आज एका वस्तूपासून सुरुवात करू.

1955 च्या सुमारास एल्विस प्रिसली ज्या मार्टिन गिटारीवर गायचा, तिच्या लाकडी अंगावर नक्षीचं चामडी कव्हर होतं आणि त्यावर त्याचं नाव. ते बघून बडी हॉली या टेक्सासच्या पोराने आपल्या गिब्सन गिटारीसाठी स्वतःच्या हाताने चामडं कोरलं. त्यावरही नाव, आणि 'टेक्सास'. अशा कव्हरमुळे पट्ट्याच्या बकलाने लाकडावर ओरखडे पडत नाहीत, पण आवाज थोडा दबतो. म्हणजे आवाजाची किंमत मोजून नाव मिरवायचं. हॉली 1959 मध्ये विमान अपघातात गेला. गिटार मात्र टिकली आणि पुढे लिलावात विकली गेली.

आता आपल्या नांदेड-लातूरकडे या. इथे वाद्यावरचं कातडं शोभेचं नाही, आवाजच त्यातून निघतो. हलगी म्हणजे लाकडाचं किंवा लोखंडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं, बहुधा बकरीचं. वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागते. ऊब लागली की कातडं ताणतं आणि हलगी कडाडते. पावसाळी हवेत पुन्हा सैल पडते, पुन्हा शेकायची. हल्ली प्लास्टिकचा पडदा आणि कसायचे बोल्ट असलेल्या हलग्या आल्यात, त्यांना जाळ लागत नाही. (माझ्या कानाला तो आवाज पत्र्यासारखा वाटतो. हे मत आहे, प्रबंधात घालू नका.)

खरा प्रश्न इथून पुढे आहे. हॉलीने चामडं हातात घेतलं तर तो छंद ठरला. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्याची जात ठरलेली होती: कमावणारा ढोर, चपला शिवणारा चांभार, हलगी वाजवणारा मुख्यतः मातंग. दवंडी, लग्न, जत्रा, मयत, सगळीकडे हलगी लागायची. वाजवणारा मात्र उंबऱ्याबाहेर. हलगीवर वाजवणाऱ्याचं नाव कोरलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचं मांस सोडायला सांगितलं. अशा कामांना नकार देणं हा पुढे चळवळीचाच भाग झाला, आणि अनेकांनी वाजवणंही सोडलं. तीच हलगी आज 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीच्या मिरवणुकीत ताठ मानेने वाजते. एका घरात ती टाकून देण्यात सन्मान आहे, दुसऱ्या घरात वाजवण्यात. 'लोककलेचा वारसा' असा गुळगुळीत मथळा दिला की ही ओढाताण पुसली जाते. सिनॉप्सिस लिहिताना हे टाळा.

साधनांचं काय? इथे बरेच जण अडकतात. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात 'लातूर जिल्हा' शोधाल तर हाती शून्य. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू, गावपातळीवरचे जुने कागद मोडीत. यातलं एक तरी शिकायला आजच लागा. सय्यद सिराज-उल-हसन यांचा 1920 चा निजाम राज्यातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ जरूर वाचा, पण लक्षात घ्या, त्याची मांडणी जातीनुसार आहे. त्यात माणूस आधी जात म्हणून भेटतो, वादक म्हणून नंतर, भेटलाच तर.

म्हणून वस्तू वाचायला शिका. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत (तालुका लोहा) किंवा तुमच्याच गावात जुनी हलगी दिसली तर फोटो काढून पुढे जाऊ नका. कडं लाकडाचं की लोखंडाचं, कातडं कोणत्या जनावराचं, ते कुणी कमावलं, कुणी चढवलं, फाटल्यावर कुठून आणतात, पैसे की धान्य, हे विचारा. मात्र आधी एवढं विचारा: 'काका, याच्यावर बोललेलं तुम्हाला चालेल का?' काही घरांत उत्तर 'नाही' येईल. ते 'नाही' सुद्धा वहीत तारखेसह लिहून ठेवा, माणसाचं नाव न टाकता.

तुमच्या गावात हलगी कुणी, कधी आणि का सोडली, हे कमेंटमध्ये सांगा.